व्याही दारात, मी गोधडीत

आमच्या व्याह्यांचं स्वागत मी बसल्याबसल्या केलं, त्यात उद्धटपणा मुळीच नव्हता. मी शिवलेला होतो.

(हे वाक्य ऐकलं की प्रत्येक नातेवाईक आधी "काय?" म्हणतो आणि मग खुर्ची पुढे ओढून बसतो. तुम्हीही बसा.)

ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी आमच्या दीड एकराकडे लक्ष द्यायचं ठरवलं. दीड एकर म्हणजे कांदा, थोडे टोमॅटो, एक गाय, तिची चिंगी नावाची कालवड आणि स्वतःला सातबाऱ्यावर समजणाऱ्या काही कोंबड्या. पण या दीड एकराला माझ्या लक्षाची काहीएक गरज नव्हती. माझी बायको सुमन इतकी वर्षं ते माझ्याशिवाय झकास चालवत आली होती. मी कांद्याला पाणी द्यायला उठलो की ती म्हणायची, "तुम्ही बसा. वाफा फुटेल."

मग मी बसायचो. दुपारी शेतातून आल्यावर सुमन अंगणात गोधडी पसरून शिवायला घ्यायची आणि मी शेजारी बसून बघायचो. तिच्या हातच्या गोधड्या पंचक्रोशीत नावाजलेल्या. जुन्या साड्या, धोतरं, पोरीचे लहानपणचे फ्रॉक, सगळ्यांचे थर लावून त्यावर अशी बारीक धावदोऱ्याची नक्षी की मुंगीनं शिस्तीत चालायला शिकावं!

अशात इंदिरानगरहून आमच्या पल्लवीचा फोन आला. गोड बातमी होती. सुमननं डोळे पुसले आणि लगेच ट्रंक उघडून बाळाच्या दुपट्यासाठी मऊ साड्या काढायला बसली. आणि मी जाहीर केलं, "नातवंडाची गोधडी मी शिवणार."

"कोण?"

"मी."

"कशानं?"

"सुईनं!"

"आधी सुईत दोरा ओवून दाखवा."

ओवला. (मध्ये चहा गार झाला. पुन्हा गरम केला, तोही झाला.)

"अगं, आयुष्यभर विमानं बनवली मी. गोधडी काय चीज आहे?"

"तुम्ही स्टोअरला होता. नट-बोल्ट द्यायचात."

"नट-बोल्टांशिवाय विमान उडतं का?"

यावर सुमन तडक आत गेली. (उत्तर होतं. पण आत फोडणी करपत होती.)

बाळाला हातभर दुपटं पुरतं, असं तिचं म्हणणं. पण बाळ मोठं होणार, हा दूरदृष्टीचा विचार आमच्या घरात फक्त मीच करतो! म्हणून मी चांगली पलंगभर गोधडी मांडली. एका अंगाला सुमनच्या साड्या, दुसऱ्या अंगाला माझं लग्नातलं पांढरं धोतर, मध्ये पल्लवीच्या फ्रॉकांचे तुकडे. सुरुवातीचे माझे टाके बघून सुमन म्हणाली, "हे टाके आहेत, की आपल्या कोंबड्या चालत गेल्या?" शेजारचा द्राक्षबागायतदार रंगनाथ तर बांधावर उभा राहून रोज विचारायचा, "अण्णा, आता मेंदी कवा काढताय?"

मी उसवलं. पुन्हा शिवलं. बोटांची चाळण झाली. पण खोटं कशाला बोलू, एका दुपारी सुमन शेजारी येऊन वाकली, एका ओळीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली. मग आत गेली आणि माझ्यासाठी न मागता चहा घेऊन आली! आमच्या घरात याला पदक म्हणतात.

त्या दिवसापासून मला सुईची नशाच चढली. आणि नशेत माणूस काय करील सांगता येत नाही.

थंडी सरत आली होती. सुमन कात्री घेऊन मळ्याच्या पार टोकाला टोमॅटो बांधायला गेली होती. अंगणात मी एकटा. गोधडीवरच मांडी घालून बसलो होतो, कारण ओळी कडेकडून आत आत येत जातात आणि शिवणाराही त्यांच्याबरोबर आत सरकत जातो. अंगात जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला, ऐसपैस पांढरा लेंगा. खाली गोधडीचं पांढरं धोतर. हातात पांढरा दोरा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. असा रंगलो होतो म्हणता!

तेवढ्यात फोन वाजला. पल्लवी.

"बाबा, माझे सासूसासरे पिंपळगावच्या लग्नाहून परत येतायत. तुमच्याकडे डोकावणार म्हणाले."

"येऊ देत की. कधी?"

"बाबा, ते ओझरला पोचलेसुद्धा!"

फाटकाशी हॉर्न वाजला.

आमचे व्याही देवरेसाहेब मानपानाला भलते कडक. पल्लवीच्या लग्नात फोटोग्राफर त्यांना "जरा सरका" म्हणाला, तर ते सरकले नाहीत. नवरानवरी सरकले! विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेत मुलींना शिवणही त्याच शिकवायच्या. त्यांच्यासमोर मी अजूनही शर्टाचं वरचं बटण चाचपतो.

गाडीचं दार वाजलं. मी गुडघ्यावर हात ठेवून उठायला गेलो, आणि धरणीमातेनं मला परत खाली ओढलं.

आधी वाटलं, पायाला मुंग्या आल्या. पुन्हा जोर केला. पुन्हा खाली. तेव्हा मी चष्मा वर करून मांडीकडे पाहिलं. गुडघ्यापासून थेट बैठकीपर्यंत, ओळीमागून ओळ, बारीक, सरळ, देखण्या टाक्यांनी मी माझा लेंगा गोधडीला शिवून टाकला होता! लेंगा कुठं संपतो आणि धोतर कुठं सुरू होतं, ते मलाच कळेना.

ओढावं तर गोधडी फाटणार, नाहीतर लेंगा. लेंगा फाटला तर विहीणबाईंसमोर! आणि कात्री टोमॅटोत.

"नमस्कार, वसंतराव!" डोक्यावर लग्नातला मानाचा केशरी फेटा, अंगात कोट, देवरेसाहेब अंगणात उभे.

"नमस्कार! या, या, या!" मी बसूनच हात जोडले आणि उठण्याची कसर वाकण्यात भरून काढावी म्हणून कपाळ जवळजवळ गोधडीला टेकवलं.

देवरेसाहेबांच्या भुवया फेट्यात शिरल्या. ते उभे. मी बसलेला. वारा पडला.

"तब्येत बरी आहे ना?" विहीणबाईंनी विचारलं.

"एकदम ठणठणीत!"

"कंबर वगैरे?"

"कंबरही फर्स्ट क्लास!"

(बघा! देवानं त्यांच्या तोंडून आयतं कारण पाठवलं होतं आणि मी कंबरेचं कौतुक करून मोकळा झालो.)

"सुमनताई?"

"मळ्यात आहे. येईलच. तुम्ही पाणी घ्या ना... म्हणजे, माठ तिथं ओसरीवर आहे. पेला त्याच्यावर पालथा घातलाय."

मी व्याह्यांना, आमच्याच अंगणात, आपल्या हातानं पाणी घ्यायला सांगितलं! देवरेसाहेबांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. ते बायकोला हळूच, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "निघू या आपण. इथं लोक कामात आहेत."

हे असे निघाले, की पल्लवीला सात महिन्यांच्या पोटानिशी दारातच ऐकावं लागणार, 'तुझे वडील साधे उठलेसुद्धा नाहीत.' मी ठरवलं, अब्रू गेली खड्ड्यात, खरं काय ते सांगून टाकायचं. तोंड उघडलं, तोच विहीणबाईंची नजर गोधडीवर गेली.

"अगंबाई! सुमनताईंनी शिवली?"

"नाही. मी."

"तुम्ही?"

विहीणबाईंनी चपला काढल्या, गोधडीच्या पलीकडच्या कडेवर बसल्या, पर्समधला चष्मा काढला आणि टाके तपासायला लागल्या. माझी छाती फुगली. आता लेंग्याचा विषय कसा काढावा, या विचारात मी असतानाच मागे खुंट्याशी खडखड झाली.

चिंगीचं दावं सुटलं. (ते सकाळी मी बांधलं होतं. आणखी काही विचारू नका.)

कालवड शेपटी वर करून निघाली ती थेट रंगनाथच्या द्राक्षबागेकडे. बागेत माल काढणीला आलेला, दुसऱ्या दिवशी व्यापारी यायचा होता, आणि बागेचं फाटक सताड उघडं!

"चिंगे!" मी ओरडलो, आणि सगळं विसरून सर्व ताकदीनिशी उठलो.

गोधडी माझ्याबरोबर उठली. विहीणबाई तिच्या दुसऱ्या कडेवर असल्यामुळे त्या उलट दिशेला गेल्या. (लागलं नाही. चष्मासुद्धा नाकावरच होता. बाई कसलेल्या आहेत.)

मी पळतोय, मागे पलंगभर गोधडी फरफटतेय, तिच्यावरून कोंबड्या उडतायत!

"वसंतराव, गोधडी!" देवरेसाहेब मागून ओरडले.

"माहितीये!"

"अहो, तुमच्या मागे गोधडी लागलीय!"

"माहितीये हो!"

तोवर चिंगी आपली मजेत दुडक्या चालीनं चालली होती. तिनं एकदा मागे वळून पाहिलं. मालकाला अचानक एवढं मोठं रंगीबेरंगी शेपूट फुटलेलं पाहून तिनं जी धूम ठोकली, ती बागेतच.

आतून रंगनाथ ओरडला, "कोण हाय रं? आगं आई! अण्णा, ह्ये काय सोंग?"

"वासरू धर, वासरू!"

"कोंचं? पुढचं का मागचं?"

मी मांडवाखाली घुसलो. डोक्यावर टपोरे घड, बाजूला लोखंडी खांब. मी खांबाच्या एका अंगानं गेलो, गोधडी दुसऱ्या अंगानं गेली. हिसका बसला. मागे 'टर्रर्र' असा काळजाला चिरत जाणारा आवाज झाला. मी डोळेच मिटले. संपलं! नातवंडाची गोधडी गेली!

ओळीच्या टोकाला रंगनाथ हात पसरून उभा होता. ते पाहून चिंगी वळली आणि सरळ माझ्या अंगावर आली. मी एका बाजूला पडलो, गोधडी दुसऱ्या बाजूनं वर उसळली आणि चिंगीच्या डोक्यावर येऊन पडली. अंधार झाला. आता झोपायची वेळ झाली असं समजून की काय, चिंगी गप्प उभी राहिली!

"सोडू नका!" धापा टाकत देवरेसाहेब आले. कोटाचं बटण तुटलेलं, बुटांना चिखल. "दावं कुठंय?"

"अंगणात!"

त्यांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग डोक्यावरचा मानाचा फेटा भराभर उलगडला, चिंगीच्या गळ्यात घातला आणि असा झकास फास टाकला, की ती जागची हलली नाही. मी चिखलातून बघतच राहिलो.

"लहानपणी गुरं मीच वळायचो," ते म्हणाले.

रंगनाथनं वर मांडवाकडे आणि खाली जमिनीकडे नजर फिरवली. एकच घड तुटला होता, आणि तो चिंगी चघळत होती. "जाऊ द्या अण्णा," तो म्हणाला. "एका घडात येवढं बघायला भेटलं, लय झालं."

आरडाओरडा ऐकून सुमन पळत आली. समोर केशरी फेट्यानं बांधलेली कालवड, फेटा धरलेले व्याही आणि मातीत पडलेला नवरा.

"अहो, झालं तरी काय?"

"शिवला गेलो."

"कशाला?"

"गोधडीला."

सुमननं पदर तोंडात कोंबला. पण देवरेसाहेबांना पदर नव्हता. "म्हणून तुम्ही उठला नाहीत!" असं म्हणून ते जे हसत सुटले, की त्यांना द्राक्षाच्या खांबाला धरावं लागलं. मुलीच्या लग्नापासून त्या माणसाचे दात आम्ही पहिल्यांदाच पाहिले!

विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या मागाहून शांतपणे चालत आल्या, वाकल्या आणि माझ्या मांडीपासून लांब उभं राहून (मुख्याध्यापिकाच त्या) गोधडीची ओळ न् ओळ बघून काढली. मी श्वास रोखून पडून राहिलो.

"सुमनताई, इकडे या," त्या म्हणाल्या. "लेंगा फाटलाय. गोधडीचा एक टाका सुटलेला नाही. एक! माझ्या शाळेतल्या मुलींना दाखवायला हवी होती ही."

मी चिखलात होतो, केसांत द्राक्षाची पानं होती, लेंग्याची तर चर्चाच नको. पण त्या क्षणी मला कोणी विमानात बसवून आकाशात नेलं असतं, तरी मी त्याहून उंच गेलो नसतो.

सुमननं कंबरेची कात्री काढली. "बोला, काय कापू? गोधडी की लेंगा?"

"लेंगा!" मी गरजलो. दोन्ही व्याह्यांसमोर, रंगनाथसमोर, चिंगीसमोर! रंगनाथनं खांद्यावरचा पंचा माझ्या अंगावर टाकला, म्हणून पुढचं सगळं सभ्यपणे पार पडलं.

पाहुणे त्या दिवशी पिठलं-भाकरी खाऊनच गेले. देवरेसाहेबांनी तिसरी भाकरी मागून घेतली. लेंग्याचा जो तुकडा गोधडीत राहिला, तो विहीणबाईंनी उसवू दिला नाही. "चांगल्या शिवणीला हात लावायचा नसतो," म्हणाल्या.

पुढे नात झाली. बारशाला ती गोधडी इंदिरानगरच्या हॉलमध्ये अंथरली, तेव्हा विहीणबाई येणाऱ्या प्रत्येकीला कोपरा उचलून टाके दाखवत होत्या. "आमच्या व्याह्यांनी शिवली बरं का. स्वतःच्या हातानं." इतकी वर्षं ओझरहून विमानं उडाली, पण एकाकडेही बोट दाखवून 'यातला बोल्ट वसंतरावांनी दिला' असं कोणी म्हटलं नव्हतं! सुमन माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "छाती आत घ्या. सदऱ्याची बटणं जातील."

मागच्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या सोसायटीतल्या एका बाईंना अगदी तशीच गोधडी हवी आहे. डबल बेडची. अट एकच : आत शिवणारा नको.

ऑर्डर मी घेतली आहे. गोधडी नक्की देईन. अटीचं काय ते उठायला गेल्यावरच कळेल.