भोरच्या डायलिसिसची सकाळची पाळी

भोरच्या डायलिसिस सेंटरवर मी टेक्निशियन होते, तेव्हाचे किस्से सांगायला बसले की थांबणं अवघड! चार तास एक हात मशीनला जोडलेला, हलायचं नाही. मग माणसाची जीभ तेवढी मोकळी. आता मी पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात आहे. इथे प्रत्येक पेशंटच्या कानात इयरफोन! सकाळच्या पाळीतले ते तिघं फार आठवतात.

* * *

उत्रोलीचे बापू भातशेतीवाले. किडनी बंद, त्यामुळे पाणी मोजून प्यायचं हा नियम. जास्त प्यालं की ते अंगात साठतं आणि काट्यावर दिसतं. बापूंचं वजन दर खेपेला वाढलेलं!

"बापू, पाणी किती प्यालात?"

"थेंबबी न्हाई!"

"मग हे जास्तीचं वजन?"

बापू शांतपणे म्हणाले, "कालवण लई पातळ केलं व्हतं ओ. त्याला म्या काय करू?"

* * *

तात्या वेल्ह्याच्या डोंगरातल्या वस्तीवरचे मेंढपाळ, महाशंकेखोर. पहिल्याच दिवशी मला फिल्टर दाखवायला लावला. मी समजावलं, आत केसासारख्या पोकळ नळ्या आहेत. त्यांच्या भिंतींना डोळ्यांना न दिसणारी भोकं. घाण आणि जास्तीचं पाणी त्यातून बाहेर पडतं, रक्त आतच राहतं.

"म्हंजी गाळणीच की! पुन्हा वापरता?"

"हो, धुऊन. पण ज्याची त्यालाच. वर नावाची पट्टी असते."

"मग पट्टी मोठ्यानं वाचा. बापूची मला न्हाई चालायची. त्यो लई बोलतो!"

तेव्हापासून दर पाळीला मी ती पट्टी मोठ्यानं वाचायचे. बापू पलीकडून हसायचे.

* * *

तिसऱ्या म्हणजे मार्गासनीच्या आक्का. डायलिसिससाठी त्यांच्या हातातली शीर ऑपरेशन करून धमनीला जोडलेली होती. तिथं बोट ठेवलं की सतत थरथर जाणवते. गावातल्या बायका मुद्दाम हात लावून बघायच्या.

एक शेजारीण दचकलीच. "अगं बया, आत काय शिरलंय?"

"मोबाईल हाय," आक्का म्हणाल्या, "व्हायब्रेटवर ठिवलाय!"

* * *

आणि एकदा आक्का आल्याच नाहीत. मी फोन केला.

"पुरं झालं, ताई. सून दर खेपेला मजुरी बुडवून माझ्यासंगं येती. आता न्हाई यायची मी."

आणखी एक पाळी चुकली तर काय होईल ते मला ठाऊक होतं, त्यांनाही होतं. डॉक्टरांनी समजावलं, सून रडली. आक्का ढिम्म!

पुढच्या पाळीला बापू आणि तात्या वजन करून आपापल्या पलंगावर बसले आणि दोघांनी हाताची घडी घातली.

"आक्का आल्याबिगर सुई लावून घ्यायची न्हाई," तात्या म्हणाले.

मी रागावले, हात जोडले. काही उपयोग नाही. तासाभरानं बापूंना धाप लागायला लागली, तरी घडी सुटेना. शेवटी मी आक्कांना फोन लावला आणि रडतच सगळं सांगितलं.

दुपारी दारात टेम्पो थांबला. सुनेच्या खांद्याला धरून आक्का आत आल्या. चेहरा सुजलेला, आवाज मात्र खणखणीत.

"मरायचंय व्हय रं दोघांला?"

बापू धापा टाकत म्हणाले, "मग? तुमाला एकटीला कसं जाऊ द्यायचं?"