पेशींना आईचा हात कळतो का?

आधीच सांगून टाकतो, या किश्शात मी धडधाकट आईसाठी टक्कल केलंय. हसू नका, चहा सांडेल!

झालं असं. आई महिनाभर दुबईजवळ उम्म अल कुवैनला माझ्याकडे येणार होती. फोनवर म्हणाली, "दर रविवारी तुझ्या डोक्याला तेल घालीन, पूर्वीसारखं."

आता मी पडलो पेशीशास्त्राचा एम.एस्सी. साऱ्या जगाला विज्ञान आजच्या आज कळलं पाहिजे, ही आमची घाई!

"आई, त्यात मायाबिया काही नसते गं. पेशीच्या आवरणात बारीक दारं असतात. दाब पडला की आवरण ताणलं जातं, दार उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशीत रासायनिक निरोप सुरू होतो. हात कुणाचा, हे पेशीला काय कळणार? मी डोकं दाबायचं मशीन घेतलंय. तू कशाला दगदग करतेस?"

आई म्हणाली, "बरं. नाही येत."

खलास!

तीन आठवडे मशीन डोक्यावर चढवून बसलो. दाब तोच, तितकाच. दारं उघडतही असतील, पण आत कुणी येतच नव्हतं!

शेवटी एका रविवारी गल्लीतल्या न्हाव्याकडे गेलो. पाकिस्तानातल्या मुलतानचे म्हातारे चाचा. त्यांनी तेल घेतलं, कानामागे अंगठा टेकवला आणि हळूच वर नेला. अगदी आईसारखा! माझ्या डोळ्यांना धाराच लागल्या.

"क्या हुआ बेटा? ज़ोर से दब गया?"

"नहीं चाचा… माँ…" आणि मी हुंदकेच द्यायला लागलो.

चाचांचे हात थांबले. कुणीतरी टीव्ही बंद केला. "सब्र, बेटा, सब्र."

किती भला माणूस! मी डोळे मिटले. तेवढ्यात डोक्यावर घर्रर्र सुरू झालं. म्हटलं, अरे वा, चाचांकडेही दाबायचं मशीन!

डोळे उघडले, तर आरशात गुळगुळीत गोटा!

"चाचा, ये क्या?"

"तुम लोगों में यही करते हैं ना? बरसों से हिंदुस्तानी ग्राहक हैं मेरे." पैसे तर घेतले नाहीतच, वर तीन अनोळखी माणसांनी मला मिठी मारली. आता खरं कोणत्या तोंडाने सांगणार?

बाहेर येऊन आईला व्हिडिओ कॉल लावला. ती किंचाळलीच, "अरे मेल्या, कोण गेलं?"

"तू!"

सगळं ऐकून ती ठसका लागेपर्यंत हसली. मी मुसमुसत म्हणालो, "आई, ये ना गं."

"तिकीट रद्द कुणी केलंय? तुझ्या पेशींचं मला माहीत नाही, पण तुला मी ओळखते."

आली! पहिल्याच संध्याकाळी आम्ही फिरायला निघालो आणि समोर चाचा! त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आईकडे पाहिलं. "बेटा, ये कौन?"

आणि मी, पेशीशास्त्राचा एम.एस्सी., सख्ख्या आईकडे बोट दाखवून म्हणालो, "मौसी!"

पाठीत कचकन चिमटा बसला. हात कुणाचा, हे पेशींना लगेच कळलं!