बबनला सोबत

माझी एकुलती एक लेक ऋचा बंगळुरूहून घरी आली आणि दारातच ओरडली, "बाबा, लांब व्हा!"

मी हात पसरून उभा. ती नोकरीला गेल्यापासून रहाटणीच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच उरलो होतो: मी, सुषमा आणि ऋचाचा अजगर बबन. (परदेशी जातीचा, बिनविषारी, रीतसर नोंदणी केलेला. सोसायटीतल्या लोकांसाठी हे मी पाठच करून ठेवलंय!) लेकीची फार आठवण आली की मी बबनच्या काचेच्या पेटीपुढे जाऊन बसायचो. तोही तिच्यासारखाच. कितीही हाका मारा, उत्तर नाही!

आता लेक समोर होती, पण तिच्या हातात भोकं पाडलेला डबा होता.

"हे काय?"

"बबनला सोबत! पण नव्या सापाच्या अंगावर बारीक किडे असतात कधी कधी, आजारही असू शकतो. काही आठवडे त्याला वेगळं ठेवायचं. आणि त्याला हात लावणाऱ्यानं बबनकडे फिरकायचं नाही."

"नव्याला हात कोण लावणार?"

"मी."

"आणि बबनचं कोण बघतं?"

"तुम्ही!"

झाली आमची वाटणी!

तेवढ्यात आतून फिनेलचा भपकारा आला. सुषमानं उत्साहानं मागची खोली पुसून काढली होती.

"आई, फिनेल? त्याचा वास सापाला बाधतो गं!"

"मंग? सापासाठी लादी घाण ठिवू व्हय?" सुषमा चाकणजवळच्या गावची. चिडली की गावचं बोलते.

खिडक्या उघडून मी लादी पाण्यानं पुन्हा धुतली आणि धुता धुता सपशेल आडवा झालो. ऋचा धावत आली, वाकली आणि थबकली.

"बाबा, फार लागलं का? मी तुम्हाला हात नाही लावू शकत!"

मग ती सापासकट मागच्या खोलीत गेली. तिची बादली वेगळी, चपला वेगळ्या, ताट दाराबाहेर स्टुलावर. डबा, चिमटा, पाण्याची वाटी, सगळं जंतुनाशकात बुडवायचं. आमच्या गप्पा व्हिडिओ कॉलवर. बंगळुरूहून बोलायची तशाच! फरक एवढाच, की आता तिचा आवाज आधी भिंतीतून यायचा आणि मग फोनमधून.

शेवटी मला राहवेना. एका दुपारी मी सरळ आत गेलो आणि डब्यातल्या सापावर हात ठेवला.

"बाबा! काय केलंत हे?"

"आता मीपण तुझ्याकडचा."

ती बघतच राहिली. मग हसत सुटली आणि हसता हसता गळ्यात पडली. तिच्या केसांना औषधाचा वास येत होता. तो वास संपूच नये असं वाटत होतं.

"आवं, त्या बबनला पाणी कोण ठिवणार?" बाहेरून सुषमा. "मी न्हाई जायची!"

(गेली. डोळे मिटून, लांबच्या चिमट्यानं वाटी सरकवत.)

ऋचाची रजा संपली, सापाचे आठवडे संपले नाहीत. ती गेली. मी नव्या सापाबरोबर मागच्या खोलीत झोपतो. सुषमा भिंतीपलीकडे.

काल लेकीचा फोन आला. "बाबा, जेवला का?"

मी खुशीत उठूनच बसलो. "हो गं बाळा! मेथीची भाजी, भाकरी, वर ताक. दोनदा वाढून घेतलं."



"बाबा, मी सापाचं विचारतेय."