रंगवलेली कडी

धरणाच्या फुगवट्यावर आमच्या बचत गटाची एक मोटरबोट आहे. हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना ती फिरवून आणते, एरवी पलीकडच्या गावची माणसं बाजाराला घेऊन येते. चालवते मी. इंजिनापासून पाण्याखालच्या पंख्यापर्यंतची देखभालही माझ्याकडेच, कारण बाकीच्या बायांना ग्रीसचा वास सोसत नाही.

या बोटीचा सगळ्यात कुरूप भाग म्हणजे पंख्याच्या शाफ्टवरची ॲनोडची कडी. स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट आणि पितळी पंखा पाण्यात शेजारी राहिले की धातू खाल्ला जायला लागतो. म्हणून शाफ्टवर मॅग्नेशियमची दोन तुकड्यांची कडी स्क्रूनं आवळून बसवायची. पाणी आधी तिला खातं आणि बाकीचं वाचतं. समुद्रात जस्त चालतं, आमच्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियमच लागतं. कडी अर्धी झिजली की बदलायची. थोडक्यात, तिला जितके खड्डे, तितकं तिचं काम नीट चाललेलं. माझी मोठी जाऊ तिला ‘खरजुली’ म्हणते.

जाऊला खरजुलं काही बघवत नाही. दसऱ्याला आमच्याकडे औजारं पुजतात, आणि पुजायच्या आधी धुऊन, घासून, रंगवून घेतात. त्या दसऱ्याला मी लेकीच्या बाळंतपणासाठी एटापल्लीला होते. परत आले तेव्हा पूजा आटोपून बोट पाण्यात उतरलेली होती. बाजूनं नवा निळा पट्टा ओढला होता. छान दिसत होती, मी छान म्हटलं.

माघात जाऊच्या मुलीचं लग्न ठरलं. सासर बरोबर समोरच्या काठावर. गाडीनं जायचं तर अख्ख्या फुगवट्याला वळसा. तेव्हा नवरी बोटीनं पाठवायची, असं जाऊनं ठरवलं आणि आजूबाजूच्या गावांत सांगूनही टाकलं. व्याह्यांनी पलीकडे बँड उभा करायचं कबूल केलं. नवरीला घेऊन मधल्या पाण्यात बंद पडायची माझी तयारी नव्हती. म्हणून लग्नाच्या आठवड्यात ट्रॅक्टर लावून बोट काठावर ओढली आणि खाली वाकून बघितलं.

कडी लालभडक ऑइल पेंटनं रंगवलेली. एक खड्डा नाही.

“काऊन वो, पोरीचं लगन तोंडावर अन् तू बोट बाहेर काढून राह्यली?” जाऊ मागे येऊन उभीच होती.

“हे कडी कोणं रंगवली, बाई?”

“मीच. दोन हात देल्ले. पाह्य कशी राह्यली, नवीच्या नवी.”

“तेच तं. हे नवी राह्यली म्हणजे पाण्यानं दुसरं काई खाल्लं. रंग लावला का पाणी हिले शिवतच नाई. मंग पंख्याले खाते.”

जाऊनं कडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “म्हणजे माही पोरगी आता ट्रॅक्टरवर जाईन?”

“पाहू तं दे आधी.”

पॉलिश पेपरनं पंखा घासला. चांगलं पितळ पिवळं निघतं. दोन पाती पिवळी निघाली, तिसऱ्याची कड तांबूस, म्हणजे पितळातलं जस्त पाण्यानं खाल्लेलं. पान्यानं वाजवून बघितलं. दोन पाती खणखणली, तिसरं भद्द वाजलं. जाऊनं माझ्या हातातून पाना घेतला आणि बाजारात माठ वाजवतात तसा कान लावून तिन्ही पाती पुन्हा वाजवली.

“फुटका आहे हा,” ती मलाच म्हणाली, जसा काही तो मी विकायला आणला होता.

शाफ्ट धड होता, तेवढं बरं. पण नवा पंखा आठवड्यात कुठून येणार? जुना एक होता, पात्याचं टोक वाकलं म्हणून काढलेला. तो शेडमध्ये सापडेना.

“तो खुराड्यावर ठेवला मी,” जाऊ म्हणाली. “मुंगूस झाकण उचलते न.”

स्वतःच धावत जाऊन घेऊन आली. कोंबडीची पिसं चिकटलेला तो पंखा स्कूटीवर बांधून मी बल्लारपूरला वर्कशॉपमध्ये नेला आणि समोर बसून टोक सरळ करून घेतलं. तोवर कडी खरवडायचं काम जाऊला दिलं होतं. आले तेव्हा ती सुरी घेऊन बसली होती.

“झालं?” तिनं कडी पुढे करत विचारलं.

“नाई. सांदीत लाल दिसते अजून.”

“मजबूत रंग आहे वो,” ती म्हणाली. तिला त्यातही थोडा अभिमान होता.

सगळं बसवलं आणि बोट रिकामी फिरवून आणली. वेग वाढवला की तळ थोडा थरथरायचा. हळू चालवली तर ठीक. नवरीला घाई कशाची?

लग्नाच्या दिवशी बोटीत नवरी, नवरदेव आणि मोजक्या करवल्या बसल्या. आमच्याकडे आई लेकीसोबत जात नाही, म्हणून जाऊ काठावरच राहिली. पलीकडे पोचवून, बुंदी खाऊन मी रिकामी बोट घेऊन परत आले, तेव्हा ती घाटावर एकटी उभी होती.

“थरथरली का?”

“बोट थोडीशी. पोरगी नाई. मधात मले म्हणे, काकू, जरा जोरात घे ना.”

“मंग?”

“नाई घेतली.”

“बरं केलं,” जाऊ म्हणाली आणि दोरी घेऊन खुंट्याशी वाकली. गाठ चुकीची मारली होती. ती घराकडे वळल्यावर मी सोडून पुन्हा बांधली.