पाण्याआधीचं वजन

कोळ्याच्या घरात जन्मून ज्याला होडी लागते असा माणूस मी एकच पाहिला. पोशाकाका. धक्क्यावर उभं राहून नुसती भरती बघितली तरी त्यांना मळमळायचं. म्हणून शिवडीच्या कोळीवाड्यातले काका परळच्या आमच्या जनावरांच्या कॉलेजात वासरं सांभाळायला आले आणि तिथेच जन्म काढला. सकाळी गोठ्यात शिरले की आधी प्रत्येक वासराच्या नाकावर पालथा हात ठेवायचे. आम्हा विद्यार्थ्यांकडे लक्ष त्यानंतर, गेलंच तर.

मी पदवी घेऊन पुढचं शिकत होतो, म्हणजे मला सगळं येत होतं. माझा प्रबंध वाढत्या वासरांच्या अमिनो आम्लांवर होता. चार वासरांना नुसती शेंगदाण्याची पेंड, चारांना पेंडीत सुक्या मासळीचा कुटा. पेंडीत प्रथिनं भरपूर, पण लायसिन, मिथिओनिन ही अमिनो आम्लं तोकडी. मासळीत ती मिळतात. मोठ्या गाईच्या पोटातले जंतू ती स्वतःच घडवतात, वासराच्या पोटात अजून तेवढे जंतू नसतात. हे मी काकांना अर्धा तास फळ्यावर समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे मोठ्या गाईच्या पोटात गिरणी चालू हाय. काय पण घाल, ती आपला सूत काढते. वासराची गिरणी अजून लागायची हाय, तवर त्याला तयार सूत द्यावा." प्रबंधाचं पहिलं प्रकरण मी यावरूनच लिहिलं. गिरणी तेवढी काढली.

काकांच्या पत्नी, हिराकाकू, सुकी मासळी विकायच्या. त्या बिनमिठाची देणार होत्या. पण मी पडलो शास्त्रज्ञ. पांढरीस्वच्छ दिसते म्हणून बाजारातून खारवलेली घेऊन आलो. काकांनी तुकडा जिभेवर ठेवला आणि थुंकला. "डाक्टर, ह्या खाऊन वासरू दर्या पिऊन टाकल." मी हसलो.

वजनाचा नेम शनिवारी सकाळी सातचा, पाणी पाजायच्या आधी. एका शनिवारी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला. काका शिवडीहून चालत आले, कारण वासरं हरताळात नव्हती. मी मात्र आधी मोर्चात जाऊन घसा बसवून घेतला आणि दहाला गोठ्यात उगवलो. तहानलेली जनावरं माझ्यासाठी ताटकळत ठेवणं काकांना जमणारं नव्हतं. आज तोलू नको, पाणी पाजलंय, असं ते म्हणालेही. बादलीभर पाण्याने काय होतंय, असं म्हणून मी तोललंच.

मासळीच्या चारही वासरांनी काट्यावर अशी उडी मारली होती की मी तडक दादरला माझ्या मार्गदर्शक सरांचं घर गाठलं. सरांनी आकडे परिषदेच्या निबंधात घातले. मी पेढे वाटले. काकांनी पेढा घेतला नाही.

पुढच्या शनिवारी सातला, पाण्याआधी तोललं. ती सगळी वाढ गायब. खारट मासळी खाऊन त्या वासरांनी बादल्या रिचवल्या होत्या आणि ते पाणी मी मांस म्हणून मांडलं होतं. निबंध सोमवारी टपालात पडणार होता. हे आपल्या दोघांतच राहू द्या, असं मी काकांना विनवलं. एका वासराचं कपाळ खाजवत ते म्हणाले,

"कागद तुझा हाय, मी कशाला बोलू? पण उद्या कोण ह्या वाचून आपल्या वासराला मीठ चारल. त्या वासराला काय सांगशील?"

मी सरांकडे गेलो. सर जे बोलले ते छापण्यासारखं नाही. निबंध थांबवला, हिराकाकूंची मासळी आणली आणि सगळं पहिल्यापासून केलं. वाढ निघाली, बेताची, पण दर शनिवारी जागेवर राहणारी. त्या दिवशी काकांनी पेढा मागून घेतला.

पुढे ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण माझ्याकडे होतं. मी विशेषणांचे ढीग रचले. गळ्यातला हार सावरत काका माझ्या कानाशी लागले.

"भाषण बेस झाला रे डाक्टर. पण पाणी पाजून तोललास."

काका जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. हे लिहिताना मी दोन पानं विशेषणं फाडून टाकली. उरलं ते त्यांचं पाण्याआधीचं वजन. ते भरपूर आहे.