जात विसरलेलं यंत्र

राजरत्न लोणंदचा, संगणकाच्या नोकरीला शिरवळात. माझा दोस्त आहे म्हणून सांगतो, इतका सरळ माणूस की दुसऱ्याची लबाडीसुद्धा मन लावून, नीटनेटकी करून देईल.

त्याला आईला, मुक्ताबाईंना, शिरवळला आणायचं होतं. मोतीबिंदूमुळं त्यांना नीट दिसेना, परवा चुलीपाशी पदर पेटता पेटता राहिला. खोली तातडीनं हवी होती. नेमकं तेव्हाच खोल्यांचे दलाल नानासो यांनी त्याला काम दिलं.

नानासो वीस वर्षं "पाव्हणं, तुमी कुणापैकी?" एवढं विचारून मगच खोली दाखवायचे. पुढं कोण कुणापैकी, कुठला मालक कुणाला नको म्हणतो, ते सगळं त्यांनी संगणकात भरून घेतलं. मग कुणीतरी तक्रारीची धमकी दिली.

"जात काढून टाक रं त्यातनं," नानासो म्हणाले. "पर बाकी कायबी बदलाय नको. मालक लोक बिथरत्यात."

राजरत्न तर्कशास्त्र शिकलेला. त्यात शब्द विसरायची रीतसर पद्धत आहे म्हणे: शब्द पुसायचा, पण त्याच्या जोरावर बाकीच्या शब्दांबद्दल जे सिद्ध होत होतं ते शाबूत ठेवायचं. आधी यंत्राला ठाऊक होतं की अमक्या वस्तीतली माणसं अमक्या जातीची, आणि त्या जातीला अमका मालक खोली देत नाही. आता उरलं एवढंच की अमक्या वस्तीला अमका मालक खोली देत नाही. आठवडाभर खपून गड्यानं तपासलं, एकही उत्तर बदललं नव्हतं. आणि वर खूश! शिकून माणूस इतका बावळट होतो, हे मला तेव्हा कळलं.

नानासोंनी पेढे वाटले, राजरत्नला शाल-नारळ दिला. शाल खांद्यावर असतानाच त्यानं आईच्या नावानं अर्ज भरला. नाव, गाव, वस्ती. चाळीस मालकांपैकी एकाचीही खोली निघाली नाही.

"चुकलं आसंल कुठंतरी," नानासो पेढा खात म्हणाले. "बघ की जरा."

त्यानं ओळ न् ओळ वाचली. मला वाटलं, आता तरी शिवी हासडेल.

"चूक न्हाई," तो म्हणाला. "बरोबर चाललंय."

तेवढ्यात मुक्ताबाईंचा फोन आला. "घावली का रं खोली?"

"न्हाई, आये."

"का न्हाई म्हणत्यात?"

त्यानं यंत्राला कारण विचारलं. यंत्राला खरंच ठाऊक नव्हतं.

"कारण काय सांगत न्हाईत, आये."

मुक्ताबाई म्हणाल्या, "आमच्या येळंला निदान सांगायचे तरी, बाबा."