माझी सीडी, पुंडलिकचे कान

पुंडलिक गेल्याचा फोन आला, तेव्हा खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात आलं, की आता ती सीडी परत मागता येईल. लाज वाटली. पण आलं ते आलं... दीड महिना झाला, आता लिहून टाकतो.

पेणच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो हमरापूरला वडिलांच्या गणपतीच्या कारखान्यात बसला आणि मी रोह्याला कंपनीत लागलो. मी पेटी शिकलेला, मैफिलींना पहिल्या रांगेत बसणारा, चारचौघांत रागदारीवर बोलणारा माणूस. म्हणून कंपनीत मशीन बसवायला आलेल्या जर्मन इंजिनिअरने जाताना ती सीडी मलाच दिली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे, त्यांच्याच देशात विसरले गेलेले तीन संगीतकार, ऐंशी-नव्वद वादकांचा ताफा आणि भर मैफिलीत केलेलं ध्वनिमुद्रण. रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या माझ्या घरी मी ती चार वेळा ऐकली. नुसती व्हायोलिनं चढतायत, उतरतायत, मधेच तुताऱ्या, मग वादळ. समेवर यायचं नावच नाही! पण रसिक म्हणून मिरवणाऱ्याने ‘कळलं नाही’ असं म्हणायचं कसं? मोठ्या ऐटीत मी ती पुंडलिकला दिली. ‘जरा वेगळं आहे, झेपतंय का बघ,’ असंही वर म्हणालो.

त्याला झेपलं. पंधरा दिवसांनी गेलो, तर कारखान्यात तेच चालू. पुंडलिक आखणी करत होता, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखत होता. ते काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. सीडीतलं दुसरं, संथ वादन सुरू झालं की तो ब्रश उचलायचा आणि सगळा कारखाना गप्प व्हायचा. त्या वादनाच्या मध्यावर श्रोत्यांतलं कुणीतरी खोकतं. त्या खोकल्यापर्यंत पहिला डोळा पुरा व्हायचा. मग सगळे श्वास सोडायचे, कुणी पाणी प्यायचं आणि दुसरा डोळा सुरू. ‘विलास, इथं ऐक. मागं एकच बाजा रडतोय आणि बाकीचे त्याला सावरून घेतायत,’ तो म्हणाला. मी जाणत्यासारखी मान डोलावली. मला काहीएक ऐकू आलं नव्हतं. त्या क्षणी त्याचा जो हेवा वाटला, तो शेवटपर्यंत गेला नाही. चणे माझे आणि दात त्याचे!

मग मी एक हलकट काम केलं. मुलाला सांगून तेच वादन इंटरनेटवरून मिळवलं, दुसऱ्या ताफ्याचं, स्टुडिओतलं, अगदी स्वच्छ. पेनड्राईव्ह घेऊन हमरापूर गाठलं आणि म्हटलं, ‘ही उत्तम प्रत घे, माझी सीडी दे.’ बिचाऱ्याने विश्वासाने ती लावून ब्रश उचलला. खोकला काही येईना. वाट बघत हात तिथेच राहिला आणि डोळा बिघडला. चिंध्यांनी रंग पुसत तो म्हणाला, ‘सगळं ब्येस हाय रे, पण मधला माणूस कुठं गेला?’ कारखाना खो खो हसला. त्याच्या मनात काही नव्हतं, पण मला मिरच्या झोंबल्या. परतीच्या गाडीत कासू स्टेशन मागे पडलं तरी मी मनात त्याच्याशी भांडतच होतो.

तेराव्यानंतर भेटायला गेलो आणि निघताना वहिनींकडे सीडी मागितलीच. ‘तुमचीच हाय भावोजी, न्या की,’ म्हणत त्यांनी ती पदराने पुसून माझ्या हातावर ठेवली. त्याची मुलगी रेश्मा बाजूला उभी होती. घरी येऊन दार लावलं. डबीवर पुंडलिकच्या अंगठ्याचा काळा ठसा होता. कान टवकारून ऐकत बसलो. एक बाजा रडतो म्हणे... कुठला? मला खोकला तेवढा ऐकू आला. पुंडलिकचा राग आला, मग रडू आलं, आणि रडतानाही पोटात दुखतच होतं.

परवा रेश्माचा फोन आला. सीडी मागणार, या खात्रीने मी नकाराची वाक्यं जुळवून ठेवली.

‘काका, काल पहिल्यांदा मी डोळे आखले,’ ती म्हणाली. ‘चांगले झाले. बाबांच्या बाजूला बसून बसून सगळं पाठ झालंय ना, आम्ही तोंडानंच गुणगुणत होतो.’

‘आणि सीडी?’

‘राहू दे की तुमच्याकडं. आमचं काय अडत नाय.’

कपाटात सीडी माझ्या नावावर आणि गाणं हमरापूरला! जन्मभर लोकांना गाणं समजावणारा मी, त्या पोरीला विचारून बसलो, ‘गो रेश्मा, मला ऐकायला शिकवशील?’

‘नुसतं बसून नाय येत ते, काका. या तुम्ही, हातात ब्रश देते.’

मी जाणार आहे. माझा हात हल्ली थरथरतो, हे मात्र तिला सांगितलं नाही.